खिडकी लावा

८ डिसेंबर, सोमवार. नांदेड

मशीन नं. ४ आज सुरू व्हायला अकरा मिनिटं. घड्याळ समोर ठेवून मोजली. तेवढ्यात मुलींची हजेरी झाली, वह्या निघाल्या, एकीने वेणीसुद्धा घातली. देशमाने सर दारातून डोकावले. "मॅडम, मढं झालंय ते. उचला आता." कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख. बारा वर्षांत स्वतःच्या हाताने एक प्रिंट काढलेली नाही. तो मशीनला मढं म्हणतो.

मग खरी बातमी. निर्लेखन समिती २६ तारखेला येणार. लॅबमधली बाराही मशीनं निकामी ठरवून डेड स्टॉकच्या रजिस्टरमधून कमी करायची, आणि खोलीत एक मोठा टच पॅनेल बसवायचा. निर्लेखन! एवढा देखणा शब्द भंगारासाठी वापरला कुणीतरी.

पॅनेल एक. मराठी टायपिंगच्या परीक्षेला बसणाऱ्या मुली एकतीस. बाहेरचा क्लास परवडत नाही म्हणून तर सगळ्या इथे येतात. एका पाटीवर एकतीस जणींनी बोटं कुठे ठेवायची? विचारलं. "ते पुढचं पुढं बघू." लॅब गेली की माझं तासिकेवरचं काम पण गेलं. हे सर बोलले नाहीत, पण ते न सांगता कळतं.

म्हटलं, मी ही मशीनं चालवून दाखवते.

"दाखवा की. समितीसमोर चालली तर राहतील. देवणीकडच्या ना तुम्ही? गाय चांगली असते तुमच्याकडची."

स्वतःच हसले. एकटेच.

१० डिसेंबर, बुधवार

नं. ४ वर विंडोजऐवजी डेबियन टाकलं, फुकट मिळणारं लिनक्स. डेस्कटॉप-बिस्कटॉप काही नाही, नुसता ओपनबॉक्स. विंडो मॅनेजर. म्हणजे फक्त खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम. उघडायच्या, हलवायच्या, बंद करायच्या. त्यापलीकडे काही करत नाही आणि करतो असं दाखवतही नाही. ह्या कॉलेजात असा माणूस एकही नाही.

अकरा मिनिटांचे अडतीस सेकंद झाले. मेमरी १७० एमबी. तीनदा बंद करून तीनदा पाहिलं. खुर्चीतून उठून उभीच राहिले.

लिनक्सच्या ग्रुपवर एक शंका विचारली, मराठी फाँटची. उत्तर नाही. उलट चार पोरांनी आपापल्या पडद्याचे फोटो टाकले. आरपार दिसणाऱ्या खिडक्या, मागे पावसातली जपानी गल्ली, मध्ये मोठ्या डोळ्यांची कार्टून मुलगी. एका खिडकीत त्यांच्याच मशीनची माहिती, दुसरीत त्यांच्याच प्रोसेसरचा आलेख. एकाही खिडकीत काम नाही. सहा महिने किनार किती पिक्सेलची ठेवावी ह्यात गेलेत म्हणे. एक जण: "ताई, हे जरा अवघड असतं. घरात कुणी मोठा भाऊ आहे का?"

ग्रुप सोडला. फाँट दुपारी स्वतःच बसवला.

११ डिसेंबर, गुरुवार

आज काढाकाढी. खालची पट्टी काढली. चित्र काढलं. आयकॉन तर नव्हतेच. खिडकीच्या कोपऱ्यातलं फुलीचं बटण, तेही काढलं. पडदा स्वच्छ काळा.

मेनूची फाइल साधी मजकुराची. आपण लिहू तेच दिसतं. मग सगळं मराठीत लिहिलं. रिकाम्या जागी उजवी क्लिक: लिहा, वाचा, छापा, मशीन बंद. खिडकीच्या डोक्यावर उजवी क्लिक: मोठी करा, बाजूला सारा, खिडकी लावा. "मिनिमाइज" नाही, "क्लोज" नाही. बिलोलीच्या, अर्धापूरच्या मुलींनी आपल्या भाषेतला मेनू वाचायचा, ह्यात इतकं नवल का वाटावं लोकांना? आजवर कुणाला सुचलं कसं नाही?

आणखी एक. खिडकी बंद करताना "जतन करायचं का?" ही विचारपूस काढून टाकली. थेट मारून टाकायची, विचारायचं नाही. जुन्या मशीनवर ती चौकशीची पाटीच अडकून बसायची. आणि ज्याला जतन करायचंय तो आधीच करतो. मुलींना शिस्त लागेल.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सहा मशीनं तयार करून चहाला गेले. परत आले तर सहाही बंद, वायरी भिंतीतून उपसलेल्या. फरीदा मावशी. लॅबची चावी, झाडू आणि सगळ्यांच्या बातम्या तिच्याकडे.

"मावशी, चालू होती ना ती!"

"कुठं चालू, मॅडम? पडदा काळा. म्या म्हणलं गेले हे सगळे. लाइट कामून जाळायची?"

मी: काळा म्हणजे बंद नाही. ती: "मग चालू हाय हे कुनाला कळनार, तुमालाच का?" वर सल्ला: "एक कागद चिकटवा प्रत्येकावर. कुठं दाबलं की काय होतं."

पदवीच्या वर्गातल्या मुली आहेत. त्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या? नाही म्हटलं. मावशी "हौ, तुमची मर्जी" म्हणत गेली आणि जाताना सवयीने पंखा पण बंद केला.

१४ डिसेंबर, रविवार. देवणी

घरी, अव्वा-अप्पांकडे. अव्वाने विचारलं, नेमकं काय काम करायलीस? सांगितलं, खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम बसवतेय. "त्याला बी डिग्री लागती व्हय?" घरातली पहिली डिग्री, तिच्या मते खिडक्यांवर चालली.

चुलतभाऊ पुण्याहून आलेला. "अगं, सरळ नवीन मशीनं घ्यायला सांग ना." कुणाला सांगू, ते नाही सांगितलं. त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर सत्तेचाळीस टॅब उघडे, पंखा पिठाच्या गिरणीसारखा. ह्याला कंपनी पगार देते.

दुपारभर अप्पांच्या किराणा दुकानात बसले. अप्पा गादीवरून उठत नाहीत. तराजू समोर, काड्यापेट्या उजव्या गुडघ्याशी, साखर पाठीशी, सुतळीचा गुंडा वर टांगलेला आणि त्याचं टोक बरोबर नाकासमोर. गिऱ्हाईकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत पुडी बांधून होते. जे जास्त खपतं ते हाताजवळ, बाकीचं लांब. कीबोर्डवरच्या कळांची मांडणी अशीच करायची. रोजची कामं डाव्या हाताच्या दोन बोटांत. वहीत लिहून घेतलं तर अप्पा म्हणाले, "अक्का, दुकान काढायलीस का काय?"

१६ डिसेंबर, मंगळवार. नांदेड

पहिला वर्ग, बारा मशीनं, बाराही जिवंत. मुली तीन पाळ्यांत बसवल्या. सगळ्यात भारी भाग्यश्री. बिलोलीजवळच्या खेड्यातली, हात असा चालतो की बघत राहावं. मिनिटाला छत्तीस शब्द. मी कळांबद्दल सांगत होते तर मान वर न करता म्हणाली, "मॅडम, तुम्ही लई बोलताव. हात चालू द्या की."

समितीसमोर तिलाच बसवायचं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

पॅनेलवाल्याचं प्रात्यक्षिक. सगळा स्टाफ सभागृहात. टाय लावलेल्या माणसाने बोटाने वाकडातिकडा गोल काढला, पॅनेलने तो सरळ करून दिला. टाळ्या. एमएस्सी, एमफिल, पीएचडी झालेल्या माणसांनी गोलाला टाळ्या वाजवल्या. दे. सरांनी स्वतः जाऊन एक त्रिकोण काढला आणि आपल्या बाळाने पहिलं पाऊल टाकावं तसे मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं.

संध्याकाळच्या पाळीत मुलींना करून दाखवलं. सरांचं चालणं, बोट वर करणं, ते मागे वळून बघणं. हसून हसून पडल्या. भाग्यश्री तेवढी टाइप करत होती.

२२ डिसेंबर, सोमवार

दे. सर लॅबमध्ये आले. बाराही मशीनं चालू बघून तोंड जरा पडलं. मग: "चांगलंय. पण हे विंडोजसारखं दिसत नाही. समितीला कळायचं नाही. खाली पट्टी द्या, स्टार्टचं बटण द्या, मागे एखादा गणपती."

म्हटलं, सर, दिसण्यासाठी एक केबीसुद्धा देणार नाही.

"मॅडम, लोकांना ओळखीचं काहीतरी लागतं."

लागतं! ह्यांना गणपती दिसल्याशिवाय मशीन चालतंय हे कळत नाही. देवालासुद्धा स्टार्ट बटणाच्या रांगेत बसवायचं. नाही केलं. करणार नाही.

२६ डिसेंबर, शुक्रवार

झालं ते सगळं क्रमाने लिहिते. नाहीतर उद्या मीच बदलून सांगेन.

समिती तिघांची. अध्यक्ष बिरादार साहेब, दुसऱ्या एका कॉलेजातून रिटायर झालेले प्राचार्य, उदगीरचे. एक लेखा विभागाचे गृहस्थ, ते खुर्चीवर बसले ते उठलेच नाहीत. आणि दे. सर. सरांच्या हातात अहवाल आधीच टाइप केलेला. "सर्व १२ संगणक निकामी आढळले." फक्त तारखेची जागा मोकळी. मी वाचला. त्यांनी लपवलाही नाही.

बिरादार साहेबांनी मला नं. ४ सुरू करायला लावलं. अडतीस सेकंद. "बरं." भाग्यश्री बसली. परिच्छेद दिला, पाच मिनिटं. एक चूक नाही. साहेब तिच्या मागे उभे राहून वाचत होते, भुवया वर. वाटलं, झालं आपलं काम.

मग साहेब म्हणाले, "उठ बेटा, मला बसू दे." बसले. माउस हातात घेतला. "हे छापायचं कसं?" मी म्हटलं उजवी क्लिक. त्यांनी रिकाम्या जागेऐवजी खिडकीच्या डोक्यावर केली. यादी आली. मोठ्याने वाचलं, "खिडकी लावा." आणि दाबलं.

खिडकी गेली. पाच मिनिटांचा परिच्छेद गेला. पडदा काळा.

"हे काय?"

"सर, तुम्ही खिडकी लावलीत."

"लावलीच तर! लावा लिहिलंय म्हणून लावली. मला वाटलं छपाईची खिडकी लागंल."

लेखावाले बसल्या जागेवरून, "बंद पडला का?" दे. सर तोपर्यंत नं. ५ वर. "हे बघा, ह्याच्यावर पण..." त्यांनी मुद्दाम केलं का माहीत नाही. तिथेही खिडकी लावा, तिथेही काळं. नं. ६ वर पुन्हा साहेबांनी. काळं. तीन मशीनं एका मिनिटात. "मी म्हणत होतो," दे. सर म्हणाले.

माझा आवाज चढला. "सर, लावा म्हणजे बंद करा!"

साहेब शांतपणे: "बाई, टीव्ही लाव म्हणलं तर तुम्ही बंद करता का? पंखा लाव म्हणलं तर? रेडिओ?"

"पण खिडकी लावा म्हटल्यावर काय करतात हो? खिडकी लावा म्हटलं तर माणूस काय करतो?" मी जवळजवळ ओरडलेच.

मागे धाडकन आवाज. फरीदा मावशीने लॅबची खिडकी बंद करून कडी घातली. "लावली, मॅडम."

लेखावाले खुर्चीत हसून दुमडले. साहेब पण हसले. मुलीसुद्धा. मी सोडून सगळे. मी बरोबर होते आणि हरले होते.

लेखावाल्यांनी हसतहसतच सही केली. दे. सरांनी केली. बिरादार साहेबांनी पेन उघडलं, मग अहवालाचा कागद दुमडून पिशवीत घातला. "मी बघून करतो." काय बघून? सांगितलं नाही.

तीन मोठी माणसं आणि एकालाही माउस धरता येत नाही. मराठीच्या गप्पा मारतात आणि खिडकी लावणं म्हणजे काय ते कळत नाही.

२७ डिसेंबर, शनिवार

काल रात्रीपर्यंत त्यांच्यावर चिडून होते. आज भाग्यश्रीने पाणी ओतलं.

लॅब आवरताना म्हणाली, "मॅडम, रागावू नका. मला बी पयल्या दिवसापासून उलटंच वाटायचं. लावा म्हणजे चालू करा."

"मग बोलली का नाहीस?"

"आमच्या तिघी-चौघींचं टायपिंग उडालं तसंच. दोनदा दोनदा. परत करून ठेवलं. आमच्यात ठरलं होतं, लावाला हात लावायचा न्हाई म्हणून."

"अगं, मला सांगायचं ना!"

"तुम्ही देशमाने सरांचं चालणं करून दाखवलं. त्या पॅनेलवाल्याचं बोट करून दाखवलं. म्हणलं, आपलं बी दुसऱ्या पाळीला करून दाखवतील."

ती कीबोर्डवर फडकी टाकत पुढे गेली. बारा फडकी.

अकरा दिवस. मुली माझ्यासमोर बसून गेलेलं काम पुन्हा टाइप करत होत्या आणि मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून स्वतःच्या १७० एमबीचं कौतुक करत होते. त्या जपानी गल्लीवाल्या पोरांची किनार पिक्सेलची, माझी शब्दाची. फरक काय?

२९ डिसेंबर, सोमवार

मेनू मुलींच्या ताब्यात दिला. फळ्यावर लिहिलं, खिडकी बंद करायला काय म्हणाल? गोंधळ नुसता. "मिटवा." नको, मिटवा म्हणजे पुसून टाका. "काढा." एक म्हणे काढा म्हणजे उघडा, वही काढा म्हणतात तसं. दुसरी म्हणे काढा म्हणजे फेकून द्या. "ठेवा." कुठे ठेवायचं? ही भाषा! एकेका क्रियापदाला दोन तोंडं आणि दोन्ही बाजूंना बोलतं. शेवटी मागच्या रांगेतून, "झालं लिहा की, मॅडम. काम झालं की झालं." सगळ्यांना पटलं. "झालं" लिहिलं. मारून टाकायची आज्ञा काढली. आता आधी विचारतं. विचारण्याचं वाक्य पण त्यांचंच: "ठेवू का हे?"

पट्टी पण दिली खाली. दोन एमबीसुद्धा खाल्ले नाहीत. गणपती मात्र नाही. प्रत्येक मशीनवर कागद. फरीदा मावशीने चिकटवले, वाकडे, आणि एकदाही "म्या म्हणलं होतं" म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

बिरादार साहेबांना अर्ज. पहिल्या मसुद्यात "हाताळणाऱ्याच्या अज्ञानामुळे". फाडला. दुसऱ्यात "गैरसमजामुळे". फाडला. तिसरा: "मशीनमध्ये दोष नव्हता. मेनूवर मी चुकीचा शब्द लिहिला होता. तो बदलला आहे. कृपया एकदा पुन्हा बघावे." चार वाक्यं लिहायला तास गेला. "चुकीचा" लिहिताना पेन अडलं. अजूनही वाटतं शब्द चुकीचा नव्हता. खिडकी लावणं म्हणजे बंद करणंच. पण माझ्या वाटण्यावर एकतीस जणींची परीक्षा टांगून ठेवता येत नाही.

दे. सरांनी अर्ज वाचला. "चूक कबूल केलीत? बरं झालं." तो चेहरा! करून दाखवण्यासारखा होता. कुणालाच दाखवला नाही.

१ जानेवारी, गुरुवार

काही नाही. पॅनेलवाल्याची माणसं भिंत मोजून गेली. फुटपट्टी घेऊन माझ्या फळ्यावर खुणा केल्यात.

मुलींनी एक पाळी जास्त मागितली. दिली.

३ जानेवारी, शनिवार

व्हरांड्यात बसून लिहितेय.

बिरादार साहेब आले. एकटेच, न कळवता, दे. सर सुट्टीवर असताना. अर्ज हातात. तो अहवाल पण पिशवीत असणार, दोन सह्यांचा, तिसरीची जागा मोकळी. म्हणाले, "बाई, ह्या वेळी मुलगी नको आणि तुम्ही बी नको. मला जमलं तर कुणालाही जमंल. तुम्ही बाहेर थांबा. आतून काही विचारलं तरी सांगायचं न्हाई."

मी सांगू लागले की सर, नं. ४ चा माउस जरा... त्यांनी हात वर केला. मी गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लवकर.

दार लोटलेलं. सुरुवातीला खुर्ची सरकली. मग मशीन सुरू झाल्याचा बारीक आवाज. अडतीस मोजले. मग टक. टक. एका बोटाने. लांब, लांब. ह्या वेगाने परिच्छेद संध्याकाळपर्यंत होईल. मला आत जाऊन त्यांचं बोट धरून कळेवर ठेवावंसं वाटतंय. प्राचार्य होते हे!

मधेच एक क्लिक. मग काही नाही.

भाग्यश्री आणि पाच-सहा जणी पाळीसाठी जिन्यात येऊन बसल्यात. एक जण हवेतच बोटं चालवतेय, कळा नसताना.

अजून काही नाही. "ठेवू का हे?" आलं असेल का? हो म्हणाले असतील का?

फरीदा मावशी दाराशी चाव्या मांडीवर घेऊन बसलीय, तिला फटीतून दिसतं. खुणेने विचारलं, काय करतायत?

तिने वाकून बघितलं. बराच वेळ.

"बसलेत," म्हणाली.